ध्वनिचित्रफितींची पाठपरंपरा : पूर्णगड येथील एका घरगुती मुद्रणयंत्राच्या निमित्ताने

जुन्या पोथीची प्रत हाती आली म्हणजे ती कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रतीवरून उतरवली हे प्रथम पाहावयाचे, ही शिस्त मराठी संशोधकांच्या अंगी आता चांगली मुरलेली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ साली सिद्धीस गेले. त्या कार्यात डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी घालून दिलेली पद्धती आणि डॉ. सु. मं. कत्रे यांचे १९४१ साली प्रसिद्ध झालेले पाठचिकित्सेवरील इंग्रजी पुस्तक यांच्यामुळे प्रतींची वंशावळ मांडल्याखेरीज पाठाविषयी बोलू नये, हे आपल्याकडील अभ्यासकांस पटले. घरगुती ध्वनिचित्रफितींच्या बाबतीत मात्र ही शिस्त पाळली जाताना दिसत नाही. बोलीचे नमुने म्हणून आमचे विद्यार्थी अलीकडे जे साहित्य घेऊन येतात, त्यात लग्ने, सत्यनारायण, शिमगा आणि नमन-खेळे यांच्या घरगुती मुद्रणांचा भरणा वाढत चालला आहे. ते साहित्य बहुधा चकतीवर किंवा संगणकातील धारिकेच्या रूपात असते. मूळ कॅसेट कोणी पाहिलेली नसते, आणि कॅसेटीवरून चकतीवर ते कसे आले हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. जणू ते आपोआपच आले.

ते आपोआप येत नाही. मध्ये एक यंत्र असते, आणि त्या यंत्रासमोर बसून बटणे दाबणारा घरातला एक माणूस असतो. पोथीच्या बाबतीत जो लेखक, म्हणजे लेखणी चालवणारा लेखनिक, त्याचेच हे आधुनिक रूप होय. कॅसेट, चकती आणि हार्ड डिस्क ही तिन्ही माध्यमे एकाच पेटीत सामावणारे घरगुती ध्वनिचित्रमुद्रणयंत्र हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. असे एक यंत्र पूर्णगड येथील आमच्या घरी २००६ सालापासून आहे. त्याच्या सहवासात जे ध्यानी आले, ते अभ्यासकांच्या उपयोगी पडावे इतकाच येथे हेतू आहे.

प्रथम यंत्राचा थोडा पूर्वेतिहास पाहू. चित्र चुंबकीय फितीवर मुद्रित करणारे पहिले व्यवहारोपयोगी यंत्र अमेरिकेतील अँपेक्स या कंपनीने १९५६ साली दाखवले. ते प्रक्षेपणकेंद्रांसाठी होते, आणि त्याची फीत दोन इंच रुंद होती. सोनीची यू-मॅटिक कॅसेट १९७१ साली बाजारात आली. फिलिप्सने १९७२ साली घरगुती उपयोगाचे एक यंत्र काढले. १९७५ साली सोनीचे बीटामॅक्स आणि १९७६ साली जेव्हीसीचे व्हीएचएस निघाले. अर्ध्या इंचाच्या या दोन कॅसेटींमधील चढाओढीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा ते येथे उगाळण्याचे कारण नाही. भारतातील घरांत व्हीएचएसच रुजले. पुढे १९९३ साली व्हिडिओ सीडी, १९९६ साली डीव्हीडी, आणि शतक संपता संपता घरी लिहिता येईल अशी डीव्हीडी आली. हार्ड डिस्क आणि डीव्हीडी एकत्र असलेले यंत्र तोशिबाने २००१ साली जपानात विक्रीस आणले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच याच पेटीत व्हीएचएसचा कप्पाही बसवण्यात आला. कॅसेट संपत आली होती, पण घरोघरची कपाटे कॅसेटींनी भरलेली होती. त्या कपाटांसाठी हे यंत्र जन्मास आले. त्याचे आयुष्यही त्यामुळे बेताचेच होते. व्हीएचएस यंत्रे बनवणारी जपानमधील शेवटची कंपनी, फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले.

अनेक कामे करणारी एक पेटी ही कल्पना कोकणास नवीन नव्हती. १९७३ नंतर आखातात नोकरीस गेलेले लोक सुट्टीवर येताना जी वस्तू हमखास आणीत, ती म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला ‘टू-इन-वन’. हे नाव भाषेच्या दृष्टीने मौजेचे आहे. त्यात वस्तू काय करते हे सांगितलेले नाही, किती कामे करते एवढेच सांगितले आहे. आणि तरीही किनाऱ्यावरच्या कोणाही माणसास त्या नावाचा अर्थ विचारावा लागला नाही. आखातातून पुढे जे व्हिडिओ आले, तेही एका अर्थी संमिश्रच होते. भारतात आणि आखाताच्या बऱ्याच भागात दूरचित्रवाणीची पाल पद्धती चालत होती (६२५ रेषा, सेकंदास २५ चित्रे), अमेरिकेत व जपानात एनटीएससी (५२५ रेषा, सेकंदास सुमारे ३० चित्रे), फ्रान्समध्ये सेकाम. नाना देशांच्या लोकांची वस्ती असलेल्या आखाती बाजारात तिन्ही पद्धती वाचणारी यंत्रे विकली जात, आणि तीच रत्नागिरी जिल्ह्यातील खाड्यांच्या काठी येऊन पोचली. अमेरिकेतल्या नातलगाने पाठवलेली बारशाची कॅसेट पुण्यातल्या साध्या यंत्रावर नीट दिसू नये आणि खाडीकाठच्या एखाद्या घरी ती सुरळीत चालावी, असा प्रकार त्यामुळे शक्य झाला.

शब्दांविषयी थोडे विषयांतर क्षम्य मानावे, कारण पुढील विवेचनास त्याचा उपयोग आहे. ‘व्हिडिओ’ हा शब्द मराठी घरात आला तो यंत्राचे नाव म्हणून. ‘आज व्हिडिओ आणलाय’ याचा अर्थ दूरचित्रवाणी संच, यंत्र आणि तीन-चार चित्रपटांच्या कॅसेटी एका रात्रीपुरत्या भाड्याने आणल्या आहेत, असा होई. आता तोच शब्द मुद्रित मजकुराचे नाव झाला आहे, आणि तरुण पिढीस जुना अर्थ समजावून सांगावा लागतो. मुद्रणाच्या क्रियेस मात्र दोन देशी क्रियापदे मिळाली. गाण्यांची कॅसेट दुकानदाराकडून ‘भरून’ आणावयाची, आणि एका कॅसेटीवरचे दुसरीवर ‘उतरवून’ घ्यावयाचे. पहिले क्रियापद घागरीचे, दुसरे पोथीचे. घागर भरताना पाणी तेच राहते. पोथी उतरवताना काही तरी बदलतेच, हे प्रत्येक लेखनिकास ठाऊक असे, आणि म्हणूनच तो पुष्पिकेत चुकीची क्षमा मागून ठेवी. कॅसेटीवरून चकती करणाऱ्यांच्या बोलण्यात आज पहिलेच क्रियापद अधिक ऐकू येते. सगळे तसेच्या तसे दुसरीकडे ओतले, अशी समजूत त्याच्या मुळाशी आहे.

पूर्णगड हे गाव रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदीच्या मुखाशी आहे. खाडीच्या तोंडावर टेकाड, टेकाडावर लहानसा किल्ला आणि खाली वस्ती. या किनाऱ्यावरील इतर गावांप्रमाणे येथेही घरटी एक तरी माणूस मुंबईस, आणि पुष्कळ घरांतील एखादा समुद्रापार. गणपतीस आणि शिमग्यास चाकरमानी येतात, आणि जे काही मुद्रित होते ते या दोन हंगामांत. घरगुती मुद्रणांच्या भूगोलाचा एक विशेष येथेच सांगावासा वाटतो. कॅमेरा बहुधा चाकरमान्याचा असे, त्यामुळे मूळ कॅसेट त्याच्याबरोबर मुंबईस किंवा दुबईस जाई; गावात राही ती प्रत. कधी ही प्रत दोन यंत्रे तारेने जोडून रात्रीच घाईघाईने उतरवलेली असे, आणि रिकाम्या कॅसेटींचा तुटवडा असल्याने ती लांब मुद्रणाच्या गतीने, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटीत सहा तास मावतील अशा रीतीने, केलेली असे. सारांश, गावात आज जी कॅसेट ‘मूळ’ म्हणून दाखवली जाते ती पुष्कळदा दुसऱ्या पिढीची असते. पोथ्यांच्या अभ्यासकांस हा अनुभव परिचयाचा आहे.

आमच्या घरचे यंत्र आमच्या थोरल्या काकांनी घेतले. कॅसेटी बुरशी लागून चालल्या होत्या, हे त्याचे कारण. रत्नागिरीचा पाऊस, चार महिन्यांची ओल आणि खारा वारा यांत चुंबकीय फितीच्या वेटोळ्यांवर पांढरे ठिपके उमटतात. असली एक कॅसेट यंत्रात गेली म्हणजे मुद्रणशीर्षावर मळ बसतो, आणि नंतरच्या चांगल्या कॅसेटीसही त्याचा प्रसाद मिळतो. संयुक्त यंत्रात हा धोका अधिक जाचतो, कारण कॅसेटीचा कप्पा दुरुस्तीस द्यावयाचा म्हणजे चकती आणि हार्ड डिस्कही त्याच्याबरोबर परगावी धाडावी लागते. यंत्र घरी आल्याचे कळताच शेजारपाजारच्या घरांतून कॅसेटी येऊ लागल्या. लग्ने होती, मुंजी होत्या, एका उद्घाटनाचे भाषण होते, आणि एका घरची नमनाची कॅसेट होती. तीत संकासुराच्या सोंगापुढे उभे राहून उत्स्फूर्त संवाद करणारे गृहस्थ वारल्यास तोवर बरीच वर्षे लोटली होती. कॅसेट घेऊन आलेली त्यांची सून म्हणाली, “तोंड नाय दिसलां तरी चालंल, आवाज तेवडा ऱ्हांव दे.”

या वाक्यातील मागणी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाची मागणी आहे, हे आमच्या ध्यानात यावयास वेळ लागला नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोकणातील बोलींचे जे नमुने आहेत, त्यांतील पुष्कळसे बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेची भाषांतरे आहेत. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात कुडाळी, वारली इत्यादी बोलींची जी सर्वेक्षणे प्रसिद्ध केली, त्यांनी पद्धतशीर वर्णनाचा पाया घातला. आणि अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेल्या सर्वेक्षणात प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणेही उपलब्ध झाली आहेत. परंतु या सर्व सामग्रीत बोलणाऱ्यास आपण कोणा अभ्यासकापुढे बोलत आहो याची जाणीव आहे. नमनाच्या कॅसेटीतील माणूस गावकऱ्यांपुढे, गावकऱ्यांना हसवण्यासाठी बोलत होता. असा पुरावा विकत मिळत नाही, आणि पुन्हा निर्माण करता येत नाही.

मग त्या पुराव्याची किंमत किती? येथे यंत्राची थोडी अधिक माहिती करून घेणे भाग आहे. व्हीएचएसच्या फितीवर चित्र तिरप्या रेघांनी लिहिले जाते. त्यासाठी मुद्रणशीर्षे बसवलेला गोल दंड पाल पद्धतीत मिनिटास १५०० फेरे घेतो. ध्वनी मात्र मूळ योजनेप्रमाणे फितीच्या काठावर, एका अरुंद पट्टीत, सरळ रेषेत लिहिला जातो. ही फीत सेकंदास सुमारे २३ मिलिमीटर सरकते. साध्या गाण्यांच्या कॅसेटीतील फीत सेकंदास सुमारे ४८ मिलिमीटर सरकते. म्हणजे ध्वनीच्या बाबतीत ही महागडी कॅसेट रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटीच्या निम्म्या वेगाची, आणि लांब मुद्रणाच्या गतीने पाव वेगाची. वेग जितका कमी, तितके उंच आवर्तनांचे ध्वनी फितीवर कमी उमटतात.

मराठीच्या दृष्टीने ही तांत्रिक बाब क्षुल्लक नाही. ‘चार’ आणि ‘चारा’, ‘माझी’ आणि ‘माझा’ यांतील तालव्य व दंततालव्य वर्णांचा भेद आपली लिपी दाखवीत नाही; तो ऐकूनच कळतो. हा भेद कानास प्रतीत होतो तो मुख्यतः घर्षणाच्या अंशामुळे. तालव्य उच्चारात घर्षणाचा जोर साधारणपणे सेकंदास अडीच-तीन हजार आवर्तनांपासून पुढे असतो. दंततालव्य उच्चारात तो चार हजारांच्या बराच वर सरकतो. लांब गतीने उतरवलेल्या कॅसेटीत नेमका हा वरचा भागच क्षीण होतो, आणि दोन्ही ‘च’ एकमेकांच्या जवळ आलेले भासतात. याउलट ‘दिसलां’ यातील अनुनासिकाची खूण खालच्या आवर्तनांत असल्याने ती फितीवर बऱ्यापैकी टिकून राहते. तेव्हा एकच कॅसेट अनुनासिकाविषयी विश्वसनीय साक्षीदार आणि ‘च’काराविषयी अविश्वसनीय साक्षीदार असू शकते. असल्या प्रतीवरून एखाद्या विद्यार्थ्याने ‘पूर्णगडच्या जुन्या पिढीच्या बोलीत दोन च-कारांचा भेद पुसट झाला होता’ असा निष्कर्ष काढला, तर तो बोलीविषयीचा निष्कर्ष होणार नाही. तो कॅसेटींच्या तुटवड्याविषयीचा होईल.

याहून नाजूक एक गोष्ट आहे. १९८४ च्या सुमारास व्हीएचएसमध्ये ‘हाय-फाय’ ध्वनीची सोय आली. यात ध्वनी चित्राबरोबर तिरप्या रेघांत लिहिला जातो आणि उत्तम उमटतो. पण जुन्या यंत्रांवरही कॅसेट चालावी म्हणून काठावरची जुनी पट्टीही त्याच वेळी लिहिली जाते. म्हणजे एका कॅसेटीत एकाच भाषणाचे दोन पाठ नांदत असतात. उलट वाजवताना हाय-फाय संकेत क्षीण झाला, तर यंत्र गाजावाजा न करता काठावरच्या पट्टीचा ध्वनी देऊ लागते, आणि संकेत सुधारला की पूर्वस्थितीवर येते. ऐकणाऱ्यास आवाज क्षणभर ‘बसल्या’सारखा वाटतो, इतकेच. आमच्या यंत्रावर एका लग्नाच्या कॅसेटीत असे अनेकदा झाले. तीच कॅसेट दुसऱ्या यंत्रावर बहुतांश ठिकाणी स्वच्छ ऐकू आली. ‘लीळाचरित्रा’चा मूळ ग्रंथ नष्ट झाल्यावर महानुभावांनी तो स्मरणातून पुन्हा सिद्ध केला आणि त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले, हे सर्वश्रुत आहे. डॉ. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या आवृत्तीचा अभ्यास करताना आपण पाठभेदांकडे बारकाईने पाहतो. कॅसेटीतील दोन पाठांपैकी कोणता आपल्या चकतीवर आला आहे, हे पाहण्याची तसदीही आपण घेतली पाहिजे.

चकतीकडे येताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंकीय प्रत म्हणजे ध्वनीची नासाडी, असे काही जुने ध्वनिमुद्रक मानतात. घरगुती डीव्हीडीवर चित्र एमपेग-२ पद्धतीने आकसून लिहिले जाते. ४.७ गिगाबाइटच्या एका चकतीत एक, दोन, चार, सहा किंवा आठ तास बसवता येतात, आणि तास वाढवले की चित्र प्रथम मऊ आणि मग ठोकळ्याठोकळ्यांचे होते. ध्वनीही आकसला जातो खरा, तथापि कॅसेटीच्या काठावरच्या पट्टीत जे मुळात उमटलेच नाही त्याच्या तुलनेने ही हानी किरकोळ आहे. दोष द्यावयाचा तर तो कॅसेटीस द्यावा. ज्यास चित्रापेक्षा बोलणे महत्त्वाचे आहे, त्याने कॅसेटीवरून उतरवतानाच आपल्या यंत्राचे शीर्ष स्वच्छ आहे ना, कॅसेट मूळ गतीची आहे की लांब गतीची, आणि ऐकू येणारा ध्वनी कोणत्या पट्टीचा आहे, हे पाहावे. नंतर संगणकावर कितीही संस्कार केले तरी न उमटलेला ‘च’ उमटत नाही.

संयुक्त यंत्रात तिन्ही माध्यमे एका पेटीत असली, तरी त्यांच्यामध्ये भिंती आहेत, हे सहवासाने कळत जाते. दोन कॅसेटींचे यंत्र अमेरिकेत गो-व्हिडिओ या कंपनीने १९९० साली विक्रीस आणले. चित्रपट-व्यवसायाच्या विरोधामुळे ते अनेक वर्षे अडलेले होते. आपल्याकडेही १९८४ च्या दुरुस्तीने व्हिडिओ-चित्रपट स्वामित्वहक्क कायद्याच्या कक्षेत स्पष्टपणे आणले गेले. चित्रपटांच्या विकत घेतलेल्या कॅसेटींत नकलेस अटकाव करणारे संकेत १९८५ च्या सुमारापासून भरले जाऊ लागले, आणि नव्या यंत्रांना ते संकेत ओळखून मुद्रण नाकारण्याची शिकवण देण्यात आली. यात विनोदाचा भाग असा की जुन्या, झिजलेल्या, डळमळत्या घरगुती कॅसेटीतील दोषही यंत्रास त्या संकेतांसारखेच भासतात. आमच्या यंत्राने शिमग्याच्या पालखीची एक कॅसेट ‘संरक्षित’ ठरवून उतरवण्यास साफ नकार दिला. पालखी ग्रामदेवतेची, कॅमेरा शेजाऱ्यांच्या मुलाचा, आणि हक्क राखलेला हॉलिवूडचा! अखेर साध्या जुन्या यंत्रातून, मध्ये संकेत स्थिर करणारे उपकरण लावून, ती उतरवावी लागली.

हार्ड डिस्कची भिंत याहून उंच आहे. तीवर मुद्रण करणे अत्यंत सोपे. म्हणूनच घरातील माणसे सर्व काही तिच्यावर टाकतात आणि ‘सावकाश चकती करू’ म्हणतात. परंतु या यंत्रांतील हार्ड डिस्क बहुधा त्या त्या कंपनीच्या खाजगी मांडणीत लिहिलेली असते. बाहेर काढून संगणकास जोडली तर संगणक ती कोरी समजतो. यंत्र बिघडले की मजकूर शाबूत असूनही अवाचनीय होतो. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकास अशाच बंद होत्या. फरक इतकाच की सकळ लिपीची किल्ली जाणणारे लोक पंथात होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती बाहेरच्या संशोधकांनाही उकलली. एका यंत्राची किल्ली त्या यंत्रातच असते. चकतीचीही एक अट आहे. ती ‘फायनलाइज’ केल्याखेरीज, म्हणजे तिच्या आरंभी सूची लिहून ती मिटवल्याखेरीज, इतर यंत्रांवर सहसा चालत नाही. घराघरांत अशा न मिटवलेल्या चकत्या पडून आहेत, आणि लोक त्या ‘खराब’ म्हणून टाकून देतात. विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यात असल्या चकत्या आवर्जून मागून घ्याव्यात.

विजेचाही येथे संबंध येतो. भारनियमनाच्या काळात मुद्रण चालू असता वीज गेली तर कॅसेटीवरचे मुद्रण त्या क्षणापर्यंतचे तरी हाती राही. हार्ड डिस्कवर शेवटची नोंद लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर पुष्कळदा सगळेच जाई. आमच्या काकांचा या कारणासाठी अखेरपर्यंत कॅसेटीवरच अधिक विश्वास होता, आणि तो जुनाट मनाचा हट्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. पोथीला वाळवी लागली तरी उरलेल्या अक्षरांवरून संपादक काही बांधू शकतो. तशी थोडी थोडी हानी सोसण्याचा गुण फितीत आहे.

या सर्वांवरून एक व्यवहार्य प्रश्न उरतो, तो नोंदीचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ही गोष्ट आपणास ठाऊक आहे ती तशी नोंद असल्यामुळे. राजवाडे यांनी १९०९ साली जी एकनाथपूर्व म्हणून प्रत छापली, तिच्याविषयीचा वाद मिटू शकला नाही, कारण मूळ पोथी पुढे अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाही. दोन्हींतून घरगुती फितींपुरता बोध उघड आहे. प्रत झाल्यावर कॅसेट टाकून देण्याची जी घाई सर्वत्र दिसते ती थांबवली पाहिजे. उद्या अधिक चांगले शीर्ष असलेले यंत्र त्याच फितीतून अधिक काढू शकेल. आणि प्रत्येक प्रतीस पुष्पिका असली पाहिजे. त्यात मजकुराचे नाव व तारीख असून भागणार नाही. कॅसेट कितव्या पिढीची, गती कोणती, ध्वनी कोणत्या पट्टीचा, वाटेत कोणती उपकरणे लावली, चकतीवर किती तासांची रीत वापरली, आणि काय काय नीट ऐकू येत नाही, हे सर्व लिहिले पाहिजे. यंत्र यातील काहीच आपण होऊन लिहून ठेवीत नाही. ते फक्त दिनांक आणि वेळ लिहिते, आणि वीज जाऊन येऊन त्याचे घड्याळ शून्यावर आलेले असेल तर तेही खोटे लिहिते. आमच्या काही चकत्यांवर १ जानेवारी ही तारीख पडली आहे, ती याच कारणाने. त्या दिवशी गावात काहीही झाले नव्हते.

संकासुराच्या त्या कॅसेटीची चकती दोन प्रतींत केली. तिच्या पाकिटातील कागदावर पुढीलप्रमाणे लिहिले आहे : ‘नमन. शिमग्यातील. मुद्रण रात्रीचे, अंगणातील. ही कॅसेट मूळ नव्हे. मूळ मुंबईस गेली, तिचा ठिकाणा लागत नाही. गती लांब. ध्वनी काठच्या पट्टीचा, हाय-फाय नाही. आरंभीची सुमारे सहा मिनिटे बुरशीमुळे गेली आहेत. चित्र मध्ये मध्ये फाटते. एका चकतीत दोन तास या रीतीने उतरवले. अनुनासिके नीट ऐकू येतात. च, ज, झ यांवर विसंबू नये. मृदंगाच्या वेळी यंत्राने आवाज आपोआप खाली घेतल्याने पुढील दोन-तीन वाक्ये मंद. कॅसेट सुनेच्या घरी परत दिली असून ती डब्यात उभी ठेवण्यास सांगितले आहे.’ एक चकती विभागाच्या संग्रहात आहे, दुसरी पूर्णगडास त्या घरी. सूनबाईंना शेवटच्या वाक्याखेरीज काही वाचण्याची गरज वाटली नाही. त्यांनी चकती लावली, आणि पहिला शब्द ऐकताच आवाज ओळखला.